आजीच्या शेपटीला निळं रेशीम

मी एक जुना लाकडी उंदीर आहे. हसू नका, मित्रांनो. उंदीर असून मला कधी बीळ मिळालं नाही, धान्याचा एक दाणा मिळाला नाही, आणि जन्मभर पोहावं मात्र लागलं. माझ्या पोटाखाली लोखंडी गळ होते. मी आमिष होतो. कुणीतरी बावळट उंदीर नदी ओलांडतोय असं मोठ्या माशाला वाटावं, एवढंच माझं काम.

मला चोइजिलनं घडवलं. मंगोलियाच्या उत्तरेला नदीच्या वळणावर त्याचा गेर आहे, म्हणजे लोकरीच्या नमद्याचा गोल तंबू. थोडी मेंढरं, थोडे घोडे, एक बायको. तरुणपणी तो लाकूडतोडीच्या छावणीवर होता, तिथे त्याला मासे धरायचं वेड लागलं. आमच्याकडे ह्याला वेडच म्हणतात. इथली माणसं मटणावर जगणारी, मासा म्हटलं की नाक मुरडतात. त्याचा मेव्हणा पुंत्साग जीप चालवतो. तो तर येताजाता टोचायचा, "दाजी, एवढी चरबीदार मेंढी दारात उभी असताना पाण्यात काय शोधता? मागच्या जन्मी बगळा होतात काय?"

चोइजिल हसायचा आणि चाकू चालवायचा. पाइनच्या तुकड्यातून त्यानं माझं अंग कोरलं. स्वतःच्या हिवाळी टोपीची फर कापून मला पांघरली, त्यामुळे टोपीला कायमचं टक्कल पडलं. शेपूट बुटाच्या वादीची. आणि डोळे? ते दुलमाच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, ठेवणीतल्या अंगरख्याची दोन बटणं. हे तिला कळलं शेजारच्या लग्नात. व्याह्यांना चहा द्यायला वाकली आणि अंगरखा खांद्यापासून कमरेपर्यंत सताड उघडला.

"अहो उंदराचे बाप!" ती भर लग्नात ओरडली. "माझी बटणं कुठंयत?"

"ती आता बघायला लागलीत," चोइजिल म्हणाला.

पुढे तिनं मला कधी फेकून दिलं नाही. उलट माझी फर भिजून चिकटली की शेगडीजवळ धरून वाळवायची. दुलमाचं रागावणं म्हणजे असंच, उकळी येते आणि दूध वर येऊन खाली बसतं.

माझी उमेदीची वर्षं झकास गेली. आमच्या नदीत ताइमेन राहतो. गोड्या पाण्यातल्या सॅमनांमधला हा सगळ्यात थोर, लांबीला माणसाएवढा, शेपूट तांबडीलाल. तो खालून येऊन मला धडक मारायचा तेव्हा मी हवेत उडायचो. पण सगळ्याच धडका माशाच्या नसायच्या. एकदा फेकलेला मी पाण्यात पडायच्या आत घारीनं झडप घालून मला उचललं. दोरा माझ्या नाकाला बांधलेला, काठी चोइजिलच्या हातात. मग काय, किनाऱ्यावर उभा राहून चोइजिल आकाशातून घार ओढतोय आणि पुंत्साग जमिनीवर लोळून हसतोय. "दाजी, हिला पण खवले काढून खाणार का?" दुसऱ्याच फेकीला मी पुंत्सागच्या तुमानीच्या बैठकीत रुतलो. मग चोइजिल हसला.

मग परदेशी पाहुणे यायला लागले. पानं पिवळी पडली की येत, नदीकाठी तंबू ठोकत. त्यांचा नियम असा की मासा धरायचा, मोजायचा, फोटो काढायचा आणि जिवंत सोडायचा. गावाला हे काही कळेना. दुलमानं विचारलं, "इतक्या लांबून येतात, थंडीत कुडकुडतात, आणि मासा सोडून देतात? मग ते भेटायलाच येतात म्हणायचं." चोइजिलला मात्र नियम मनापासून आवडला. तो वाटाड्या झाला. माझे जादा गळ त्यानं काढून टाकले, उरलेल्या एकाचा उलटा काटा चिमट्यानं दाबून सपाट केला, म्हणजे माशाच्या तोंडातून अलगद निघावा. असा मी म्हातारपणी बोळका झालो आणि चोइजिलच्या टोपीवर, बरोबर त्या टक्कल पडलेल्या जागी, जाऊन बसलो. तिथून मला सगळं दिसायचं.

आता आजीबद्दल सांगतो.

वरच्या खोल डोहात एक ताइमेन मादी होती. चोइजिल तिला आजी म्हणायचा. तिच्याएवढी दुसरी नदीत उरली नव्हती. शहरातून रात्रीचे जाळी आणि भाले घेऊन येणारे लोक मोठे मासे मारून नेत. वसंतात आजी उथळ पाण्यात येऊन खड्ड्यात अंडी घालायची. "नदीतलं प्रत्येक पोर हिचं," चोइजिल म्हणायचा. "ही गेली की मी इथे कशाला उभा राहू?" चोइजिल-दुलमाला स्वतःचं मूलबाळ नव्हतं. रोज सकाळी दुलमा दुधाचा पहिला चहा नदीला शिंपडायची, आणि शिंपडताना तोंड आजीच्या डोहाकडे असायचं.

पाहुण्यांमध्ये रायनर नावाचा एक उंच जर्मन होता. दरवर्षी यायचा. त्याला जगातला सगळ्यात मोठा ताइमेन धरून विक्रम करायचा होता. त्याच्या पेटीत चकचकीत आमिषं होती, एखाद्या नवरीचे दागिने असावेत तशी. भाषांतराला पुंत्साग. त्याला जर्मन येत नव्हती, पण म्हणून तो भाषांतर करायचा थांबला नाही. चोइजिल रायनरला आजीच्या डोहावर कधी नेत नसे. त्या वर्षी पाणी उतरलं आणि आजीच खाली आली.

सगळे दागिने वाया गेल्यावर चोइजिलनं मला टोपीवरून काढलं. मला पाहून रायनर फिसकन हसला. तिसऱ्या फेकीला पाणी फुटलं आणि मी अंधारात गेलो. मित्रांनो, आजीच्या तोंडात मी पहिल्यांदाच गेलो होतो. थंडगार होतं ते.

बऱ्याच वेळानं ती काठाला आली. तिला पाहून रायनर गुडघ्यावरच बसला. चोइजिल पांढरा पडला. "आजी आहे," एवढंच म्हणाला. त्यानं मला तिच्या जबड्यातून सोडवून टोपीवर खोचलं आणि दोन्ही हातांनी तिला पाण्यात धरून ठेवलं.

विक्रमाचा नियम असा की मासा पक्क्या जमिनीवर काट्याला टांगून तोलायचा. रायनरनं घाईघाईत आपला वजनाचा काटा उपसला, तो सुटून थेट पाण्यात गेला. तो काढायला हा वाकला, रबरी तुमानीत पाणी भरलं, आणि हाही गेला. त्याला ओढून काढेपर्यंत पुंत्साग जीप घेऊन शेजाऱ्याचा लोकर तोलायचा काटा आणायला पळाला. जीप दलदलीत रुतली. शेवटी काटा खांद्यावर घेऊन, अंगभर लोकर चिकटलेला, तो धावतच आला.

"आणला! पण दाजी, शेजारी म्हणाला, ओलं काही तोलायचं नाही."

तोवर आजीचे कल्ले मंद झाले होते. चोइजिलची बोटं निळी पडली होती. तो रायनरकडे बघत होता. काही मागत नव्हता, नुसता बघत होता. रायनरनं काट्याकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं. इतक्या वर्षांचा ध्यास त्या काट्याच्या आकड्यावर लटकत होता. मग त्यानं हातानं खूण केली. सोडा.

"सोडा म्हणतोय," पुंत्साग म्हणाला. हे त्यानं बरोबर सांगितलं.

आणि लगेच म्हणाला, "दाजी, सोडाल खरं. पण वर जाळीवाल्यांची गाडी उभी आहे, येताना पाहिली मी."

चहा घेऊन आलेली दुलमा तिथेच उभी होती. "मग सेतेर बांधा हिला," ती म्हणाली.

आमच्याकडे एखादा घोडा देवाला सोडतात. त्याच्या आयाळीला रेशमी पट्टी बांधतात, तेच सेतेर. मग त्या घोड्यावर कुणी बसत नाही, त्याला कुणी विकत नाही, मारत नाही. चोरसुद्धा हात लावत नाही.

"माशाला सेतेर?" पुंत्साग म्हणाला. "ताई, उद्या डासाला बांधशील."

"तू गप रे. भालेवाल्यांना आईबाप आहेत की नाही? निळं रेशीम बघून कुणाचा हात उठेल?"

तिनं कमरेची निळी पट्टी सोडली. तिच्या आईची होती ती. चोइजिलनं आजीच्या डोक्यावर तिनं आणलेला दुधाचा चहा शिंपडला, काहीतरी पुटपुटला आणि शेपटीच्या मुळाशी पट्टी बांधली. गाठ त्यानं घोड्याला मारतात तीच मारली. जेवढी ओढाल तेवढी आवळणारी. आपल्या गाठीचा त्याला अभिमान होता. आजी हातातून सुटली. निळी रेघ पाण्यात लांब होत गेली. रायनर रडत होता, दुलमा रडत होती, पुंत्साग म्हणाला माझ्या डोळ्यात लोकर गेलीय.

आणि सेतेर लागू पडलं हो! जाळीवाल्यांना पाण्यात निळं रेशीम दिसलं. त्यांनी टोप्या काढल्या, हात जोडले आणि गाडी वळवली. सगळ्या खोऱ्यात गोष्ट पसरली. चोइजिलची मान ताठ झाली.

पाहुणे गेले. चोइजिल रोज आजीच्या डोहावर जायचा. काठावरून डोहात कोसळलेल्या लार्चच्या झाडाखाली, खोल पाण्यात, निळं रेशीम हलताना दिसायचं. तो टोपीला हात लावून तिला नमस्कार करायचा, म्हणजे मलाही करावा लागायचा. घरी येऊन सांगायचा, "आहे गं. आपल्या जागेवर आहे. दमलीय, विसावा घेतेय."

दुलमा खूश व्हायची. एक दिवस मात्र चहा ओतता ओतता तिचा हात थांबला.

"अहो, रोज तिथेच?"

"हो. झाडाखाली."

"खायला पण जात नाही कुठे?"

चोइजिलनं वाटी खाली ठेवली. चहा तसाच राहिला.

काठाला बर्फ धरायला लागला होता. त्यानं मला दोऱ्याला बांधलं आणि झाडाखाली फेकलं. दुसऱ्या का तिसऱ्या फेकीला माझा गळ रेशमात अडकला. त्यानं ओढलं. मित्रांनो, मी मोठमोठे मासे ओढलेत, आणि प्रत्येक मासा मला उलटा ओढतो. त्या दिवशी समोरून कुणीच ओढत नव्हतं. नुसतं वजन होतं.

मोडलेल्या फांदीसकट आजी वर आली. पट्टी त्या फांदीला गुंडाळली गेली होती. आजी जेवढी सुटायला धडपडली असेल तेवढी गाठ आवळली होती.

चोइजिल पाण्यात बसला. दुलमा काठावरून म्हणाली, "मीच म्हणाले होते. मीच." तो म्हणाला, "गाठ माझी होती." गाठ सोडवायला त्यानं बोटं लावली. सुटेना. दुलमानं चाकू दिला, पण सेतेर कापत नाहीत. चाकू तसाच हातात राहिला.

देवाला सोडलेला घोडा मेला की त्याचं डोकं उंचावर ठेवतात. पुंत्साग आला. त्यानं काही न विचारता आजीला आपल्या अंगरख्यात गुंडाळलं आणि घोड्यावर घेतलं. माशाच्या वासानं घोडा बिथरला, गोल गोल फिरला, पुंत्सागला दोनदा खाली पाडलं. कुणी हसलं नाही. तिसऱ्यांदा तो आजीला खांद्यावर घेऊन चालतच टेकडी चढला. आजी डोक्यापासून निळ्या शेपटीपर्यंत अख्खी वर दगडांत आहे.

त्यानंतर चोइजिलनं माझा उरलेला गळही काढला आणि मला गेरच्या भिंतीला टांगलं. हिवाळ्यात खरे उंदीर येतात, मला हुंगतात, हा आपल्यातला नाही म्हणून निघून जातात.

पुढच्या वर्षी पानं पिवळी पडल्यावर रायनर आला. यावेळी चकचकीत आमिषांची पेटी नव्हती, खोकं होतं. त्यानं ते मोठ्या कौतुकानं दुलमाच्या मांडीवर ठेवून उघडलं. आत निळ्या रेशमी पट्ट्या. त्याच्या देशातल्या गळ टाकणाऱ्यांनी गोष्ट ऐकून पाठवल्या होत्या, प्रत्येकानं एकेक. नदीतल्या सगळ्या ताइमेनांना बांधायला.

"आजी कशी आहे विचारतोय," पुंत्साग म्हणाला. आणि पहिल्यांदाच त्याला पुढचं भाषांतर सुचेना.

दुलमानं खोक्यावर झाकण ठेवलं आणि दोन्ही हातांनी दाबून धरलं. चोइजिल उठला, रायनरचा हात धरून त्याला बाहेर, उघड्या दारासमोर नेलं आणि टेकडी दाखवली. रायनरला आधी कळलं नाही. तो हसत वर बघत होता. मग कळलं.

मित्रांनो, तुम्हीही कुणावर तरी माया करालच. खुशाल करा. नदीला दूध शिंपडा, लांबून नमस्कार करा, रोज जाऊन बघून या. पण ज्याला हात नाहीत त्याला गाठ मारू नका. त्याला ती सोडता येत नाही.