तपासणीचं पाणी

"मावशे, हे काय चाललंय?" पाणीवाली दारातूनच ओरडली, तसं शेगडीपुढं उभ्या असलेल्या म्हातारीच्या हातातलं फडकं पातेल्यात पडलं.

"काय म्हणजे? तुझंच काम चाललंय की!"

पातेल्यातून वाफा निघत होत्या. शेजारी पाणीवालीनंच दिलेली बाटली घासलेल्या ताटात उभी होती. पाणीवाली मटकन खालीच बसली.

आता ही पाणीवाली म्हणजे मावशीच्या बहिणीची पोरगी. शहरातल्या प्रयोगशाळेत मोठी शास्त्रज्ञ, पण गावाला ती पाणीवालीच. पिण्याच्या पाण्यात मैला कुठून उतरतो ते शोधायचं, हे तिचं काम. ऐकूनच लोक नाक मुरडायचे. या गावात खरं तर शोधायचीही गरज नव्हती. नळाचा पाइप उघड्या गटारातून आलेला, त्याचे सांधे कुजलेले. पोरं सारखी जुलाबानं आडवी पडायची. मावशीच्या नातीचे आईबाप कामासाठी परगावी, पोर आजीजवळ. तिच्या अंगावर तर मूठभर मांस राहिलं नव्हतं.

पण पाणीपुरवठ्याच्या साहेबाला डोळ्यांनी पाहिलेलं चालत नाही, त्याला बाटलीतला पुरावा लागतो. नळाला पाणी यायचं पहाटे आणि गावात बस यायची दुपारी. म्हणून पाणीवाली बाटल्या बायांकडं ठेवून जायची, त्या भरून ठेवायच्या. आणि दर खेपेला पाणी लख्ख! एक जंतू सापडेल तर शपथ. साहेब म्हणाला, "बाई, ही शेवटची खेप. पाणी स्वच्छ आहे तर पाइप कशाला हलवायचा?" ती इतकी वैतागली, की या खेपेला आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला आली. आणि पहाटे उठून बघते तर हे!

"दर वेळी उकळून भरतेस?"

"आणि गाळून," मावशी ठसक्यात म्हणाली. "सगळ्याच उकळतात. तूच नाही का बजावलंस, बाटलीत घाण जाता कामा नये, आत बोट घालू नका, झाकण खाली ठेवू नका? एवढं सगळं सांभाळायचं आणि आत भरायचं नळाचं कच्चं पाणी? काहीतरीच बाई!"

पाणीवालीनं कपाळावर हात मारला. बजावलं होतं खरं, आणि तेही घसा सुकेपर्यंत.

"अगं, हाताची घाण नको होती. पाण्यातली हवी होती मला!"

"ऐका!" कुंपणापलीकडून शेजारीण कडाडली. तिला गावात तोफ म्हणायचे ते उगाच नाही. "घाण हवी म्हणे! माझ्या बाटलीत मैला निघाला तर तोंड कुठं दाखवू मी?"

"काकू, तो तुमच्या घरचा नाही, गटारातला आहे!"

"बाटलीवर नाव कुणाचं? माझंच ना?"

एवढ्यात नात डोळे चोळत आली. नुकत्याच भरलेल्या घागरीत तिनं पेला बुडवला आणि घटाघटा प्यायली.

"मावशे, हिला कच्चंच देतेस?"

"मग रोज उकळत बसू? गॅस काय फुकट येतो? बाटलीची गोष्ट वेगळी. ती शहरात जाते."

पाणीवालीला रडूच फुटलं. "बाटलीला जुलाब होत नाहीत गं, मावशे!"

मावशीचा हात पातेल्याच्या कडेवर तसाच राहिला. नात पेला पुन्हा भरायला वाकली, तसा तिनं तो हिसकावून घेतला. मग कोरी बाटली उचलली आणि नळाखाली धरली. तोफेनंही दिली बाटली, पण वर नुसता आकडा घालायचा, नाव नाही, या अटीवर.

त्या पाण्यात इतके जंतू निघाले की मोजणाऱ्यानं हात टेकले. पाणीवाली धावतच साहेबाकडं गेली.

"आधी स्वच्छ, आता घाण. यातलं खरं काय?" साहेब म्हणाला.

तिनं सगळा प्रकार सांगितला. साहेबानं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे लोकांना उकळता येतं!" तो खूश होऊन म्हणाला. "मग पाइपचा खर्च कशाला?"

दुपारच्या बसनं ती गावात आली ती धुमसतच. साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत तिनं सगळं सांगितलं. मावशी ऐकत होती. ऐकता ऐकताच तिनं झाकलेल्या पातेल्यातलं निवलेलं पाणी पेल्यात ओतलं आणि नातीच्या हातात दिलं. पोरीनं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"आजी, याला आधीच्यासारखी चवच नाही!"

"गप पी," मावशी म्हणाली. "ती चव कशाची होती ते या आत्याला विचारू नकोस. जेवण जायचं नाही."