आधी चेंडू, मग गवत

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. आजोबा टेकत चालतात तसली नव्हे. मी गोल्फ खेळायची, लोखंडी पात्याची, तीन नंबरची काठी.

गोल्फच्या पिशवीत पुष्कळ काठ्या असतात. नंबर जसजसा वाढतो तसतसे पाते मागे कलते आणि चेंडू उंच उडतो. माझे पाते मात्र जवळजवळ उभे आहे. माझ्याकडून चेंडू फार उंच जात नाही, पण लांब जातो. आणि म्हणूनच मला चालवणे अवघड. नवखे लोक माझ्यावर एक नजर टाकतात आणि दुसरीला हात घालतात. माझ्या शेजारी पिशवीत एक जाड्या डोक्याची काठी असायची. तिला सगळे ‘वूड’ म्हणजे लाकूड म्हणत. डोके सगळे धातूचे, पण पणजीपासून चालत आलेले आडनाव तिने काही सोडले नव्हते!

माझा जन्म भट्टीत झाला. लालभडक पोलादाचा तुकडा घणाखाली ठेवला, दणादण घाव पडले आणि मला आकार आला. मग पॉलिशवाल्याने मला फिरत्या चाकावर धरले, माझ्या कडेवरून अंगठा फिरवला आणि शेजारच्याला म्हणाला, “ही कुणाचं ऐकणार नाही बघ. हिचंच कुणीतरी ऐकायला हवं.”

माझे ऐकणारे माणूस मला लवकरच मिळाले. त्या एका शाळेत खेळ शिकवायच्या. सगळे त्यांना ‘बाई’ म्हणत, म्हणून मीही म्हणते. आठवडाभर शिट्टी वाजवून आवाज बसला की रविवारी सकाळी त्या मैदानावर येत आणि एक शब्द न बोलता खेळत. बाईंचा स्विंग संथ होता. काठी मागे न्यायची घाई नाही, खाली आणायची त्याहून नाही. कंबर वळायची, अंगाचा भार डाव्या पायावर यायचा आणि मग मी चेंडूला भेटायचे. टिक्! एवढाच आवाज. शेजारून जाणारे थांबून विचारत, “बाई, ती तीन नंबर होती का हो?” बाई नुसत्या हसत. मी मात्र उन्हात मुद्दाम चमकत असे.

पण वर्षे कुणासाठी थांबतात? बाईंची मनगटे दुखू लागली. बाजारात ‘हायब्रिड’ नावाच्या नव्या काठ्या आल्या, निम्म्या लोखंडी, निम्म्या वूडसारख्या. त्या मारायला सोप्या. बाईंनी एक घेतली आणि मी घरात कपाटामागे जाऊन उभी राहिले. तिथे माझ्या पात्यावर गंजाचे ठिपके आले. माझी रबरी मूठ वाळक्या पावासारखी कडक झाली. माझ्या वाट्याला आता एकच काम होते. कपाटाखाली गेलेली चप्पल बाहेर ओढायची. मित्रांनो, चपला ओढताना जिवाला किती लागते, ते कुणी विचारले नाही.

मग बाईंच्या मुलाचे लग्न झाले आणि घरात सून आली. ती दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. एकदा चप्पल काढायला तिने मला हातात घेतले आणि तशीच उभी राहिली. माझ्या पात्यावरच्या बारीक रेघांवरून तिने नख फिरवले.

“आई, हिचं काम हे नाही ना?”

“नाही गं,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम तरुण झाला.

पुढच्या रविवारी सासू-सुना सराव मैदानावर हजर! सुनेचे पहिले फटके कसे होते म्हणता? काही हवेत, काही मातीत, एक तर मागच्या माणसाच्या पाण्याच्या बाटलीवर. तिला वाटे, चेंडू वर जायला हवा तर आपण तो खालून उचलायला हवा. म्हणून ती मागच्या पायावर रेलायची आणि मी जमिनीत रुतायचे.

“चेंडू उचलायचं काम तुझं नाही, पात्याचं आहे,” बाई सांगत. “चेंडू डाव्या टाचेच्या जरा आत ठेव. भार पुढच्या पायावर येऊ दे. आधी चेंडू, मग गवत. वूड मारताना गवत नुसतं झाडल्यासारखं करायचं, पण हिला मात्र किंचित खाली मारायचं.”

“खाली मारलं तर वर जाईल? आई, हे काहीतरीच!”

“मला कुठं पटलं होतं आधी? मारून बघ.”

हळूहळू तिला पटले. चेंडू लांब जाऊ लागले. परत येताना दोघी एकाच पिशवीचे दोन पट्टे धरून चालत आणि मुलगा दारातून ओरडे, “अरे, मला कुणी जेवायला देणार आहे का या घरात?” असे ते दिवस होते.

आणि मग ते संपले. मुलाचे आणि सुनेचे पटेनासे झाले. भांडणे कशावरून होत, ते मला कपाटामागून कधी कळले नाही. एवढे कळले की शेवटी शेवटी दोघे भांडतही नव्हते, आणि ते जास्त वाईट होते. एक दिवस सून दोन बॅगा घेऊन निघाली. बाईंच्या पाया पडायला वाकली, पण मध्येच थांबली, कारण आता पाया पडावे की नाही हेच तिला कळेना. बाईंनी तिला उभे केले.

रविवार रिकामे जाऊ लागले. मुलानेही दुसरीकडे खोली घेतली. जाताना तो म्हणाला, “आई, तिला फोनबिन करू नकोस. उगाच सगळ्यांना त्रास.” बाईंनी मान हलवली. ती हो म्हणणारी होती की नाही म्हणणारी, ते त्यालाही कळले नसावे.

काही आठवडे असेच गेले. मग एका दुपारी त्यांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळले, काखेत मारले आणि बस पकडली. आम्ही थेट सुनेच्या प्रयोगशाळेत. खिडकीपाशी सून तोंडावर मास्क लावून एका कवळीचा दात घासत होती. आम्हाला बघून तिचे यंत्र थांबले.

“आई...” ती म्हणाली आणि चाचरली. “म्हणजे... बाई. तुम्ही इथं?”

“आई म्हटलंस तेच राहू दे. रविवारी येतेस का?”

“त्याला कळलं तर?”

“मी सांगणारच आहे त्याला. चोरून काही करायचं नाही.”

सुनेने मास्क काढला. तिचे डोळे भरले होते. “तुम्ही त्याची आई आहात. मग माझी बाजू का घेताय?”

“मी कुणाचीच बाजू घेत नाहीये,” बाई म्हणाल्या. “त्याची आई मी मरेपर्यंत आहे. पण तुमचं तुटलं म्हणून आपलंही तुटायला हवं, हे ठरवलं कुणी? मला तर कुणी विचारलंच नाही!”

मित्रांनो, मी कागदात गुंडाळलेली होते, तरी मला सगळे स्वच्छ ऐकू आले.

रविवारी ती आली. पण तिच्या हातात आता राग होता. ती मला अशी आवळायची की माझी मूठ करकरायची. चेंडू डावीकडे उजवीकडे भरकटायचे आणि तिच्या तळव्यांना झिणझिण्या यायच्या. बाई बाकावर बसून बघत राहिल्या. मग विचारले, “कवळी घासताना एवढा जोर लावतेस?”

“छे! तडकेल ना ती.”

“मग इथं काय तडकत नाही असं वाटतंय तुला?”

सून मला तशीच टेकवून खाली बसली आणि पोटभर रडली. बाईंनी तिला रडू दिले. मग नाक पुसून ती उठली, बोटे सैल केली आणि मला हळूच मागे नेले. टिक्! किती दिवसांनी ऐकला मी तो आवाज!

त्या वर्षी मैदानावर जोड्यांचे सामने होते. एक चेंडू, दोघींनी आळीपाळीने मारायचा. नावे घेणाऱ्या गृहस्थाने चष्म्यावरून बघत विचारले, “तुम्ही दोघी एकमेकींच्या कोण?” सून खाली बघू लागली. बाई म्हणाल्या, “ती लांबचं मारते, मी जवळचं मारते. आता तुम्हीच ठरवा कोण ते!”

सामन्यात आमची पुरती दाणादाण उडाली. बाईंची मनगटे मध्यावरच दुखू लागली. शेवटच्या खेळीला त्यांचा फटका जेमतेम थोडा पुढे गेला. पुढे पाण्याचा ओहोळ आणि त्याच्या खूप पलीकडे, चेंडू घालायच्या खळग्यावरचा झेंडा. सुनेचा हात आधी सोप्या काठीकडे गेला. चेंडू ओहोळाच्या अलीकडे ठेवला असता तर कुणी नावे ठेवली नसती. तिने बाईंकडे बघितले. बाईंनी एक पाऊल मागे घेतले. मग तिने मला उचलले.

तिने घाई केली नाही. कंबर वळली, भार पुढच्या पायावर आला, आधी चेंडू, मग गवत. चेंडू ओहोळावरून सरळ गेला आणि झेंड्याच्या अलीकडे हिरवळीवर थांबला. तेव्हा कठड्यापलीकडून एकट्याच्या टाळ्या ऐकू आल्या. मुलगा उभा होता. आईने सांगितले होते, म्हणून तो आईला घरी न्यायला आला होता.

आमचा नंबर शेवटून दुसरा लागला. मुलगा आत आला. त्याने आईची पिशवी खांद्यावर घेतली आणि सुनेला म्हणाला, “शेवटचा छान लागला.” ती म्हणाली, “थँक्यू.” एवढेच. त्यांचा संसार काही परत उभा राहिला नाही. पण त्या दिवसापासून ती दोघे समोरासमोर आली तर मान फिरवत नाहीत.

आता बाईंना काठी धरवत नाही. मी सुनेच्या घरी राहते. तिने मला नवी मऊ मूठ बसवली, गंज घासून काढला. खेळ झाला की ओल्या फडक्याने माझ्या रेघांतली माती काढते आणि कोरडी करूनच मला जागेवर ठेवते. रविवारी बाई बाकावरून सूचना देतात. कधी कधी सून ऐकते, कधी कधी ऐकल्यासारखे करते.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. एखादी वस्तू चालवायला अवघड आहे म्हणून तिला अडगळीत टाकू नका. तिच्यावर जोर करू नका, तिची रीत समजून घ्या. आणि मोठी माणसे वेगळी झाली, तर त्यातले जे माणूस तुम्हाला आवडते, त्याला भेटायला जात जा. चोरून नको. घरात सांगून जा.