मनातल्या मनात वंदना

अर्धांगाच्या झटक्यात सत्यशीलाबाईंची वाचा गेली आणि धायरीतल्या त्या घराला नको तेवढा मायेचा पाझर फुटला.

बाई कोण, तर वर्षानुवर्षं बुद्धविहारात वंदना घेतलेली. त्यांच्या खड्या आवाजामागे अख्खा विहार म्हणायचा. आता तोंडातून नुसतं "आ... आ..." यायचं. म्हणून त्यांची सून पूर्णिमा आणि मुलगा आनंद यांनी परस्पर ठरवलं, की घरातली संध्याकाळची वंदना यापुढे मनातल्या मनात म्हणायची. उगाच आईंच्या जिवाला लागायला नको. आपल्या समजूतदारपणाचं दोघांना कोण कौतुक!

आई मात्र दिवसेंदिवस मिटत चालल्या. सदाशिव पेठेतल्या वाचा-उपचाराच्या बाईंनी आडपडदा ठेवला नाही. "अहो, यांनी बोलायची इच्छाच सोडलीय. आत्ता सोडली तर पुढे मीही काही करू शकणार नाही. आणि यांचं प्रत्येक वाक्य तुम्हीच पुरं करताय. एक दिवस स्वतः तोंड बंद ठेवून बघा, म्हणजे कळेल."

पूर्णिमाला ते चांगलंच झोंबलं. पण हट्टाला पेटली की पूर्णिमा कसली थांबते! रविवारी उठल्यापासून तिने तोंडाला कुलूप लावलं.

आनंदला आधी सांगून ठेवलं होतं, तरी तो तिच्या हातवाऱ्यांकडे पुरतं न बघताच "कळलं, कळलं" म्हणायचा. तिने मीठ मागितलं, त्याने साखर दिली. दुपारी बहिणीशी फोनवर बोलताना तर तिच्यासमोरच म्हणाला, "तिला काय, काहीही चालतं." पूर्णिमा मान हलवून नाही नाही म्हणत होती. कुणी बघतंय का? तिला रडूच फुटलं.

संध्याकाळी तिघं बुद्धमूर्तीपुढे बसली. मेणबत्ती लावली, आनंदने डोळे मिटले, घर चिडीचूप. पूर्णिमाने हळूच बाजूला पाहिलं. आईंचे डोळे उघडे होते. त्या एकदा मुलाच्या आणि एकदा सुनेच्या मिटलेल्या तोंडाकडे बघत होत्या. पूर्णिमाला लख्ख कळलं. दुःख होऊ नये म्हणून आपण या बाईला तिच्याच वंदनेतून उठवून लावलं होतं.

तिने मौन मोडलं आणि मोठ्याने वंदना सुरू केली. दिवसभराच्या गप्पपणाने घसा बसलेला. पहिली ओळ कशीबशी निघाली. दुसऱ्या ओळीला शेजारून आवाज आला.

घोगरा, पण शब्द न् शब्द पुरा. चहा मागता न येणारी बाई त्रिशरण म्हणत होती, पंचशील म्हणत होती, कुठे अडखळत नव्हती. हे सगळं आत जसंच्या तसं होतं, आणि आपण बाहेरून कडी घालून बसलो होतो. पूर्णिमा म्हणायचीच विसरली. आनंद तर आईकडे बघत लहान मुलासारखा रडत होता.

वंदना संपली. आईंचे ओठ पुन्हा थरथरले, शब्द काही येईना. "पाणी हवंय का, आई?" आनंदच्या अगदी ओठांवर आलेलं. पूर्णिमाने त्याचा हात घट्ट दाबला. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होत राहिल्या. कुणी उठलं नाही. आईंच्या कपाळावर घाम आला, मान ताठ झाली.

"पु... न्हा," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

आणि दोघांची वाट न बघता त्यांनी स्वतःच सुरुवात केली.