सायकलच्या ट्यूबचा वायसर

सलीम मिस्त्रीला सगळं लोहा गाव मानत होतं, आणि हे त्याला स्वतःलाही चांगलंच ठाऊक होतं. त्यामुळे नरसिंगचा जुना ट्रक तीन दिवस आपल्याला चकवतोय, हे त्याच्या फार जिव्हारी लागलं. दुपारी दुकानात आणला की एका चावीत चालू. सकाळी नरसिंगच्या गावात मात्र नुसता कण्हायचा. बॅटरी बदलली, नोझल तपासले, डिझेलचा फिल्टर नवा टाकला. काडीचा फरक पडला नाही.

नरसिंगला जाऊन वर्ष झालं होतं. ट्रक तेव्हापासून पडून होता; आठवड्यापासून त्याची पोरगी साक्षी तो चालवायला लागली होती, गावोगावचं दूध नांदेडला पोचवायची. दोनदा उशीर झाला होता. आणखी एकदा झाला तर दूध दुसऱ्या गाडीत जाईल, असं डेअरीवाल्यांनी तिला तोंडावर सांगितलं होतं.

"चाचा, थंडीनं होत असंल का?" तिनं विचारलं.

"थंडी काय औंदाच पडायलीय? तुझ्या बापाला कधी अडला न्हाई," सलीम म्हणाला, आणि चौथ्या दिवशी उजाडताच स्कूटर काढून तिच्या गावी गेला.

ट्रक घरापुढच्या सपाटीवर उभा होता. नरसिंग तो कायम पलीकडच्या उतारावर लावायचा, तोंड खाली करून. सकाळी पुढच्या चाकाखालचा दगड काढायचा, झटकन केबिनमध्ये चढायचा, ट्रक घरंगळला की गिअर टाकायचा. गेल्या पौषात दगड निघाला आणि त्याचा पाय घसरला. ट्रक अंगावरून गेला. तेव्हापासून त्या उतारावर कुणी गाडी नेली नव्हती. नरसिंगला घाई नडली, असं गाव म्हणालं. मयतीला सलीमही तेच म्हणाला होता.

त्यानं डिझेलचा हातपंप दाबला. पोकळ लागला. नट सैल केला तर डिझेलऐवजी फेस आला. म्हणजे रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरत होतं आणि पाइपात हवा शिरत होती. उतारावर इंजिन टाकीच्या खाली राहायचं, म्हणून तिथं हे होत नव्हतं.

पाइपावरून बोट फिरवत तो एका जोडापाशी थांबला. जोड खोलला. आत तांब्याचा वायसर हवा, तिथं रबराचा निघाला. सायकलच्या ट्यूबमधून कातरलेला, एका बाजूनं तिरका. सलीमनं आपली कात्री ओळखली.

नऊ वर्षांपूर्वी तो म्हणाला होता, "नरसिंगभाऊ, आजच्यापुरतं चालवा. नांदेडहून वायसर आणून टाकतो. तोवर उताराला लावत जा." मग ईद आली, मग थोरलीचं लग्न निघालं, आणि ते राहूनच गेलं. नरसिंगनं कधी आठवण केली नाही. मिस्त्रीनं सांगितलं म्हणजे झालं, असा त्याचा स्वभाव होता.

सलीमच्या डब्यात तांब्याचे वायसर डझनानं होते. बसवायला पाच मिनिटंही लागली नाहीत. रबराचा त्यानं खिशात टाकला. कुणाला कळणार नव्हतं. त्यानं पंप मारून हवा काढली, साक्षीनं चावी फिरवली आणि ट्रक पहिल्या झटक्याला चालू झाला. वर्षभरात पहिल्यांदा ती मोकळी हसली.

"चाचा, तुमच्या हाताला तोड न्हाई. काय झालतं?"

ते हसू बघून सलीमला स्वतःची लाज वाटली. त्यानं खिशातला वायसर काढून तिच्यापुढं धरला आणि सगळं सांगितलं. उताराचं, नऊ वर्षांचं, मयतीला आपण काय बोललो तेही.

इंजिन चालूच होतं. साक्षी खाली उतरली, उताराकडे चालत गेली, आणि येताना तो दगड दोन्ही हातांनी उचलून घेऊन आली.

"आईला मी सांगते," ती म्हणाली. "हा तुम्ही न्या."

एवढंच बोलून ती केबिनमध्ये चढली. त्या दिवशी दूध वेळेवर पोचलं.

दगड आता सलीमच्या दुकानात वायसरच्या डब्याशेजारी असतो. हा कशाला ठेवला, असं नवं गिऱ्हाईक हमखास विचारतं. सलीम हातातलं काम खाली ठेवतो आणि दर वेळी सगळं पहिल्यापासून सांगतो.