गोणपाटाखालची नर्गिस

आमच्या बागेत हिवाळाभर सगळ्यात जोमाने काय वाढत असेल, तर ते बोलणं. झाडं गप्प, माती गप्प, मग माळ्यांनाच बोलावं लागतं. सकाळी अवजारांच्या खोलीत शेगडी पेटली की आम्ही चौघं तिच्याभोवती बसायचो आणि हवेविषयी असं काही बोलायचो, की हवेने ऐकलं असतं तर शहाणी झाली असती.

चौघांतला पहिला गुडघा. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला ठाऊक असावं. तरुणपणी शिडीवरून पडून त्याचा उजवा गुडघा मोडला आणि तेव्हापासून त्या गुडघ्याला गारठा आधी कळायला लागला, असं त्याचं म्हणणं. पहाटे दव गोठणार असलं की आदल्या संध्याकाळी गुडघा ठणकायचा. दुसरा रेडिओ. त्याला स्वतःचं मत नव्हतं, त्यामुळे तो सुखी होता. रेडिओवरची बाई बातम्यांनंतर हवेचं जे सांगेल ते तो सकाळी तिच्याच सुरात आम्हाला ऐकवायचा. तिसऱ्या विहीणबाई, गुलाबांचे वाफे त्यांच्याकडे. त्यांची मुलगी गुडघ्याच्या मुलाला दिलेली, म्हणून त्या गुडघ्याशी फार मान देऊन बोलायच्या. इतका मान, की शेजारी बसलेल्यालाच घाम फुटावा. चौथा मी. कुंपणाची झुडपं कातरणं हे माझं काम, आणि दोघांच्या भांडणात दोघांनाही मान डोलावणं हे दुसरं.

त्या हिवाळ्यात साहेब नवे आले होते. नव्या साहेबांना काहीतरी उखडल्याशिवाय आपण आलो आहोत हे पटत नाही. त्यांची नजर भिंतीलगतच्या वाफ्यावर गेली. तो वाफा गुडघ्याचा. पूर्वी तिथे पडक्या खोलीचा राडारोडा होता. गुडघ्याने त्यातल्या विटा नि काचा वेचून काढल्या, पाटीपाटीने माती आणून टाकली आणि नर्गिसचे कंद लावले. बाकी बाग साहेबांची होती, तेवढा तुकडा त्याचा होता. तसं कुणी लिहून दिलं नव्हतं, पण कुणी तिथे खुरपं घेऊन जातही नव्हतं.

साहेबांना मात्र तिथे नुसतीच माती दिसली. हिवाळ्यात वाफ्यात माती दिसते, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. सोमवारी फरशीवाला येतोय, ते म्हणाले. तोपर्यंत फूल दिसलं तर वाफा राहील, नाहीतर फरशी टाकून वर एक बाक ठेवू, लोकांना बसायला. बागेतले निम्मे बाक रिकामे असतात आणि उरलेल्यांवर मांजरं झोपतात, पण साहेबांना लोकांची काळजी. वाफा गेला की गुडघ्याला फाटकापाशी पाला झाडायला लावायचं, हेही त्यांनी जाता जाता सांगून टाकलं. सोपं काम आहे, त्यात वाकावं लागत नाही, असं म्हणाले. त्या दिवशी गुडघ्याने चहात साखर घातली नाही आणि चहा तसाच पिऊन टाकला.

खरं तर काळजीचं कारण नव्हतं. आमच्या बागेत सगळ्यात आधी फुलते ती नर्गिसच, आणि कोंब केव्हाच वर आले होते. कळ्याही धरल्या होत्या. नेमक्या त्याच संध्याकाळी गुडघा ठणकला. गुडघ्याने वाफ्यावर आडव्या काठ्या टाकल्या, त्यांवर गोणपाट पसरलं, कडांना विटा ठेवल्या आणि जाहीर केलं की या आठवड्यात दव गोठणार.

आता आमच्या बागेतली एक रीत सांगायला हवी. ज्याने वाफा झाकला, त्यानेच तो उघडायचा. कधीकाळी एकाने दुसऱ्याचं गोणपाट ऊन पडलंय म्हणून काढलं, त्याच रात्री गारठा पडला आणि ते दोघं अजून एकमेकांशी बोलत नाहीत, एका गल्लीत राहून. तेव्हापासून दुसऱ्याचं गोणपाट म्हणजे दुसऱ्याचं ताट. त्यात हात घालायचा नाही.

आणि त्या आठवड्यात काय झालं, तर ऊन पडलं. दुसऱ्या दिवशी आणखी पडलं. रेडिओ रोज सकाळी ‘आकाश निरभ्र, हवा उबदार’ असं गाऊन दाखवायचा आणि गुडघा त्याच्याकडे बघून गुडघा चोळायचा. इतरांनी स्वेटर काढून खुंटीला लावले. गुडघा मफलर गुंडाळून बसला. त्याला घाम येत होता, पण तो गारठ्याचा घाम आहे असं त्याचं मत पडलं.

विहीणबाईंनी सुरुवात हळूच केली. व्याह्यांचा गुडघा मोठा जबाबदार आहे, म्हणाल्या, गारठा यायच्या आधीपासून त्याची वाट बघतो. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या की माझ्या लेकीने सांगितलंय, घरातही खिडक्या बंद आहेत आणि सगळे भाजून निघालेत, पण सासऱ्यांचा गुडघा काही ऐकत नाही. गुडघा म्हणाला, विहीणबाई, तुमच्या गुलाबांच्या कोवळ्या फुटव्यांची काळजी करा, उघड्यावर आहेत. त्या म्हणाल्या, माझ्या गुलाबांना गुडघे नाहीत, ते मजेत आहेत.

हसायला ठीक होतं. पण शुक्रवारी मी भिंतीकडून येत होतो, तर गोणपाटावर एक मधमाशी चालत होती. उडत नव्हती, चालत होती. शिवणीपाशी जायची, थांबायची, परत फिरायची, घराची किल्ली हरवलेल्या माणसासारखी. मी वाकलो तर वास आला. नर्गिसचा वास लपत नाही. आत फुलं उमलली होती, अंधारात, आणि उमलून कुणाला दाखवणार तर विटांना.

मी गुडघ्याला सांगितलं. तो म्हणाला, माशी चुकली असेल. म्हणजे गुडघा चुकणार नाही, रेडिओ चुकेल, सूर्य चुकेल, माशीसुद्धा चुकेल. मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, त्याने विचारलं की वास खरंच आला का. आला म्हटलं. त्याने मफलर आणखी घट्ट केला. गोणपाट काढलं असतं तर सगळ्या बागेने विचारलं असतं, मग गारठ्याचं काय झालं? आणि वीस-पंचवीस हिवाळे ज्या गुडघ्याने त्याला आमच्यात मोठेपण दिलं, त्याला तो असा चारचौघांत खोटा पाडणार कसा? रविवारी रेडिओने हात शिवशिवतायत असं म्हटलं, तेव्हा विहीणबाईंनीच त्याला खाली बसवलं. रीत म्हणजे रीत. चिमटे काढायला त्या होत्या, पण व्याह्यांच्या विटेला त्यांनी बोट लावलं नाही.

सोमवारी साहेब आले. मागे फरशीवाला, हातात मोजायची टेप, तोंडात पेन्सिल. त्याने येताच टेप गोणपाटावरून ताणली. साहेबांनी विचारलं, हे काय झाकून ठेवलंय? गुडघा भिंतीला टेकून उभा होता, तोंड असं की जणू फरशी त्याच्याच छातीवर बसवायची आहे.

विहीणबाई पुढे आल्या. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

“व्याही,” त्या म्हणाल्या, “माझ्यापुढे चुकायला लाजत असाल तर मी तोंड फिरवते. पण वाफा घालवू नका.”

आणि खरंच त्या पाठ करून उभ्या राहिल्या. मग मीही फिरलो, रेडिओ फिरला. साहेबांना काही कळलं नाही, पण सगळे फिरले म्हणून तेही अर्धवट फिरले. आमच्या पाठीमागे विटा सरकल्याचा आवाज आला, मग गोणपाट ओढल्याचा. आणि मग गुडघ्याचा आवाज, आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल एवढा मोठा.

“गुडघा चुकला.”

फुलं होती. वाफाभर होती. पण कशी, तर फिकट, लांब मानेची, आडवी पडलेली, आणि सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, जिथे गोणपाटाला भोक होतं तिकडे. आठवडाभर त्या भोकातून येणाऱ्या चिमूटभर उजेडाकडे बघत बसली होती बिचारी. साहेब म्हणाले, ही उभी का नाहीत? विहीणबाई म्हणाल्या, तुम्ही फूल दिसलं तर असं म्हणाला होतात, उभं दिसलं तर असं नाही. साहेबांनी थोडा विचार केल्यासारखं केलं आणि वाफा राहू द्या म्हणाले. फरशी मात्र आणलेली होती, ती कुठेतरी बसवायलाच हवी. ती त्यांनी अवजारांच्या खोलीच्या दारात बसवून घेतली. तेव्हापासून पाऊस झाला की आम्ही तिथे घसरतो. लोकांची सोय झाली, एवढं मात्र खरं.

मंगळवारी पहाटे दव गोठलं. गवत पांढरंफटक, नळाला बर्फाची जीभ. रेडिओने आदल्या सकाळी उबदार हवा सांगितली होती, तो कुणाच्या नजरेला नजर देईना. विहीणबाईंच्या गुलाबांचे कोवळे फुटवे काळे पडले होते. आणि भिंतीलगत नर्गिस, गोणपाटाखाली वाढलेली नाजूक, उकडलेल्या भाजीसारखी जमिनीला चिकटलेली. कंद खाली शाबूत होते, पुढच्या वर्षी येतील, पण यंदाचं संपलं.

गुडघा लंगडत आला. वाफ्यावर एक फूल शिल्लक नव्हतं आणि त्याचा चेहरा असा फुललेला, जणू घरात नातवंड जन्मलं. त्याने सावकाश बसून घेतलं, शेगडीकडे पाय केला.

विहीणबाईंनी त्याच्याकडे रोखून बघितलं. “काल संध्याकाळी दुखत होता?”

“ठणकत होता,” गुडघा म्हणाला. “पण सकाळीच मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं ना, चुकला म्हणून. संध्याकाळी कोणत्या तोंडाने झाकणार?”

विहीणबाईंनी त्याच्या चहात साखर घातली आणि ढवळूनही दिली.

त्या संध्याकाळी उरलेल्या फुटव्यांवर टाकायला त्या गोणपाट शोधत होत्या. टाकायचं की नाही हे रेडिओला न विचारता त्या शेगडीपाशी आल्या, व्याह्यांच्या पायाकडे वाकून बघितलं आणि थेट गुडघ्यालाच विचारलं, “काय म्हणता, आज?”