चंद्राला वळसा घातलेली चावी

आळेफाट्याच्या आमच्या गॅरेजात नियम एकच. जो गाडीखाली जाईल, गाडीची चावी त्याच्या खिशात. हा नियम माझ्या भागीदारानं, मोहसीननं घातलेला. बारा वर्सं कधी मोडला न्हाई. त्या दुपारी मोडला, आन् त्याला कारण माझी जीभ, हे आधीच सांगून टाकतो.

चांगदेव नावाचा डायव्हर कांद्याचा ट्रक घेऊन आलेला. ब्रेकचं काम, वर लई घाई. चहा पिताना मोबाईलवर बातमी लागली, चार माणसं चंद्राला वळसा घालून माघारी निघाली. एवढ्या लांब जाऊन उतरले न्हाईत म्हंजे सगळं थोतांड, असं चांगदेव म्हणला. मोहसीनला चंद्राचं भारी येड. तो गाडीखालून बाहेर आला. मी म्हणलं, दाखव की राव ह्यांना.

त्यानं फरशीवर एक मोठा नट ठेवला, ती पृथ्वी. डब्याचं झाकण, तो चंद्र. यान म्हणून खिशातली चावी काढली अन् झाकणामागून फिरवली.

"ह्या यानाला उतरायला पायच न्हाईत," तो म्हणला. "उतरायची गाडी येगळी लागती. हे लई खाली गेलं तर माघारी यायला इंधन पुरायचं न्हाई. म्हणून लांबूनच वळायचं."

मला गप ऱ्हावतंय व्हय! म्हणलं, चांगदेवराव, त्यांना कुठनं फिरायचं ते कळतं, तुमाला ब्रेक कुठं मारायचा तेबी कळत न्हाई. चहाला जमलेली मंडळी खो खो हसली. चांगदेवनं मला सोडून मोहसीनच्या थोबाडीत हाणली. ओठ फुटला. मोहसीन रक्त पुसत पुन्हा गाडीखाली शिरला. चावी झाकणापाशीच राहिली.

चांगदेवनं ती उचलली, शिव्या देत केबिनमध्ये चढला. मी ओरडेस्तोवर त्यानं चावी फिरवली. गाडी गिअरमध्येच व्हती. हिसका देऊन पुढं सरकली आन् मागचं चाक मोहसीनच्या मांडीवर चढून थांबलं.

मी चांगदेवला कॉलर धरून खाली ओढला. पाना हातातच व्हता. पहिल्या तडाख्यात नाक गेलं, दुसऱ्यात दात. तो हात जोडत व्हता, मी हाणत व्हतो. बरं वाटत व्हतं, खोटं कशाला बोलू! लोक मला आवरायलाच जमले.

तेवढ्यात गाडीखालून आवाज आला.

"अमृत, त्याला नंतर मार. आधी मला काढ."

पाय मांडीपासनं काढावा लागला. डॉक्टर म्हणले, रक्त लई गेलं, जरा आधी आणायला पायजे व्हतं. किती मिनिटं मी मारत व्हतो, ते मोहसीननं कधी इचारलं न्हाई. इचारलं असतं तर बरं झालं असतं.

आता गाडीखाली मी जातो. मोहसीन कुबडी टेकत येतो, चावी सोता माझ्या खिशात घालतो, अन् वरनं दोनदा चाचपून बघतो.