तेरा हात तार

मी एक जुना रेकॉर्डर आहे. केसाएवढ्या बारीक पोलादी तारेवर मी आवाज धरतो. मित्रांनो, राहीबाईंच्या आवाजाची तेरा हात तार शेवटी काही सापडली नाही. हे वाक्य मी बोललो नाही आणि तुम्ही वाचलं नाही. तार अजून खिडकीत आहे असं धरून सुरुवात करू.

लढाईत मी लष्कराच्या सिग्नल पलटणीत होतो. लढाई संपल्यावर फाटके तंबू, जुने बूट आणि मी असा एकच ढीग लिलावात निघाला. साताऱ्याकडच्या आकाराम हवालदारांनी तो उचलला. बूट त्यांना बसले नाहीत, म्हणून ते माझ्याकडे वळले.

माझ्यासाठी ते बायकोला, राहीबाईंना घेऊन सांगलीत, वीज असलेल्या खोलीत राहायला आले. त्यांना एक गाणं बांधायचं होतं. त्यात गवई नको, वाद्य नको, नुसत्या यंत्रांचे आवाज. सायकलवर बांधून त्यांनी मला पिठाच्या गिरणीत नेलं, छापखान्यात नेलं, मिरज स्टेशनात डबे जोडताना नेलं. घरी येऊन ते तार कात्रीने कापत आणि हवे ते तुकडे गाठी मारून जोडत. लष्करातली गाठ तारेवर टिकेना. शेवटी राहीबाईंनी त्यांना शिवणाची गाठ शिकवली.

मिरजेचे नियाजभाई तंबोरे करायचे. ते ऐकायला येत.

"हवालदार, ह्यात सा कुठाय?"

"गिरणीचा पट्टा सुटतोय तिथं."

"मग लय उशिरा येतोय गड्या. तवर गवई म्हातारा व्हतोय."

एका संध्याकाळी हवालदारांनी राहीबाईंच्या शिवणाच्या मशीनचा आवाज धरायला घेतला. मशीन सुरेख चाललं. थांबल्यावर राहीबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "झालं का? आवं, लोकं बायकूचं बोलणं धरून ठेवत्यात, तुमी मशिनीचं धरलंसा. माझं नको व्हय? ऱ्हाऊ द्या. चला जेवाय, भाकरी निवली."

हवालदारांनी ती तेरा हात तार कापून काढली आणि रिकाम्या काडेपेटीवर गुंडाळून खिडकीत ठेवली.

नियाजभाईंनी ती उचलून बोटांवर घासली. लढाईपासून चांगली तार मिळत नव्हती. "ही टाकाऊ काय?"

"टाकाऊच. माणूस घुसलंय त्यात."

नियाजभाईंनी ती मिरजेला नेली, चार पदर वळून पीळ दिला आणि एका तंबोऱ्यावर चढवली. खाली दोऱ्याचा जीव सरकवला. मिरजेत तंबोऱ्याच्या तारेखाली जो दोरा घालतात त्याला जीव म्हणतात; तो सापडेपर्यंत तंबोरा बोलत नाही. हा तंबोरा लगेच बोलला.

दोन महिन्यांनी राहीबाई तापाने गेल्या. तेरावं झाल्यावर हवालदारांनी खिडकीत हात घातला. मग सायकल काढून मला बांधलं आणि थेट मिरज गाठली.

"नियाज, ती काडेपेटीवरची तार?"

नियाजभाईंच्या हातातला भोपळा खाली बसला. "तुमीच म्हणला टाकाऊ."

"म्हणलो. तंबोरा कुठाय?"

"साताऱ्याकडचा गवई घेऊन गेला."

"नाव?"

"इचारलं न्हाई. गवयाला नाव इचारलं तर आधी गुरूपासनं सांगतोय." मग हळूच म्हणाले, "पर हवालदार, त्या तंबोऱ्याचा सा काय लागला म्हणून सांगू. घरात कुणीतरी हाय असं वाटायचं."

तेव्हापासून हवालदार जिथे तंबोरा दिसेल तिथे जातात आणि भोपळ्याला कान लावून बसतात. दोन भजनी मंडळांनी त्यांना हाकललं. एकाने प्रसाद देऊन हाकललं.

घरी दिवेलागणीला ते मला लावतात. मशीन चालतं, थांबतं. मग गाठ येते. टक्. लगेच गिरणीचा पट्टा सुरू होतो. त्या एवढ्याशा टक्‌मध्ये राहीबाई अजून बोलतात, असं हवालदारांना वाटतं. मला वाटत नाही, मी यंत्र आहे. पण त्या गाठीशी माझी चाकं सावकाश होतात, आणि दुरुस्तीवाल्याला त्यात काही दोष सापडलेला नाही.

"आलो, आलो," हवालदार गाठीला म्हणतात आणि बसून राहतात. भाकरी निवते.

मित्रांनो, काडेपेटीवर नाव लिहीत जा. माझं एवढंच सांगणं. बाकीचं सरकारदरबारी कळवलं आहे, ते असं:

मेहेरबान मामलेदारसाहेबांचे सेवेशी अर्ज. सातारा व सांगली मुलखातील झाडून सारे तंबोरे जमा करावेत. तारा उतरवून, पीळ उलगडून, एकेक पदर अर्जदाराच्या चाकांवरून फिरवावा. गवयांचा खोळंबा झाल्याबद्दल अर्जदार दिलगीर आहे. बाईमाणसाचा आवाज लागताच काम थांबवून हवालदार आकाराम यांस बोलावणे धाडावे, व ते येईपर्यंत तार पुढे जाऊ देऊ नये. सदर काम भाकरी निवण्याच्या आत उरकावे, ही विनंती.